व्हायरस गेला, दारावरची पाटी राहिली

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. अख्खी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. दिवाळीनंतर त्यांनी शाळेतल्या आठवणी लिहायला घेतल्या आणि मराठी टायपिंगसाठी कुठल्याशा साइटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरले. एक सर्चचं पान बदलणारा, एक खरेदीची कुपनं दाखवणारा आणि एक 'तुमचा कॉम्प्युटर मंद झालाय' असं सारखं सांगणारा. अँटिव्हायरसने त्यांना पकडलं, चौदा फाइली काढून टाकल्या आणि हिरवी खूण दाखवली. तरीही रोज सकाळी लॅपटॉप सुरू केला की पडद्याच्या मधोमध एक चौकट यायची. अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही. बाई ओके दाबायच्या आणि लिहायला बसायच्या. पंधरा दिवसांनी मला म्हणाल्या, "अरे, सगळं साफ झालं म्हणतोय ना तो? मग रोज दार कोण वाजवतंय?"

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर साफसफाईनंतर मागे राहिलेलं चिवट सॉफ्टवेअर काढणं फारसं अवघड जात नाही.

भाडेकरू घर सोडून गेला तरी दारावर त्याच्या नावाची पाटी राहते. दूधवाल्याला रोज एक लिटर सांगून ठेवलेलं असतं, ते कुणी बंद केलेलं नसतं. आणि घराची एखादी जादा किल्ली कुणाकडे तरी पडून असते. सॉफ्टवेअरचंही असंच असतं. मुख्य फाइल म्हणजे भाडेकरू. विंडोजच्या 'इन्स्टॉल केलेले ॲप्स' या यादीतलं नाव म्हणजे पाटी. कॉम्प्युटर सुरू झाला की किंवा दर चार तासांनी 'ही फाइल चालव' अशी जी नोंद असते, ती म्हणजे दूधवाल्याला दिलेली सांगी. आणि ब्राउझरमध्ये, इंटरनेटच्या सेटिंगमध्ये, सर्टिफिकेटांच्या यादीत करून ठेवलेले बदल म्हणजे किल्ली. बाईंच्या पडद्यावर येणारी चौकट म्हणजे दूधवाला रोज बेल वाजवत होता आणि घरात कुणीच नव्हतं. फाइल खरोखरच गेली होती, नोंद तेवढी शिल्लक होती.

मग अँटिव्हायरसने ती नोंद का नाही काढली? कारण त्याची नजर मुख्यतः फाइलवर असते. ही फाइल घातक आहे, हे तो ओळखीच्या खुणांवरून किंवा वागण्यावरून ठरवतो. पण 'लॉगिन झाल्यावर अमुक चालव' ही सांगी आपल्या प्रिंटरचीही असते, क्लाउडवर फोटो चढवणाऱ्या ॲपचीही असते आणि खुद्द अँटिव्हायरसचीही असते. चुकून भलतीच नोंद उडवली तर चांगला चाललेला कॉम्प्युटर बिघडेल, म्हणून तो हात आखडता घेतो. शिवाय असली पुष्कळ सॉफ्टवेअर व्हायरस या व्याख्येत बसतच नाहीत. इन्स्टॉल करताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत त्यांना होकार दिलेला असतो. म्हणून त्यांना 'संभाव्य नकोसं सॉफ्टवेअर' असं वेगळं नाव आहे, आणि त्यांना अडवण्याची सोय विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'च्या खाली निराळी दिलेली आहे. ती चालू आहे का, हे एकदा बघून घ्या.

माझा अनुभव असा की लोकांची सगळी मेहनत पाटीवर खर्च होते. यादीतून नाव जात नाही म्हणून जीव कासावीस होतो, पण ते नाव बहुतेकदा निरुपद्रवी असतं. दूधवाला त्रास देतो, आणि कधीकधी तो नुसता दूधवाला नसतो. तीच सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून आणणारीही एखादी नोंद असते. खरा धोका किल्लीचा असतो आणि ती मात्र काहीच आवाज करत नाही.

काम सुरू करण्याआधी एक साधी गोष्ट करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाउन नाही, रीस्टार्ट. यामागे कारण आहे. जी फाइल चालू असते ती विंडोज पुसू देत नाही, म्हणून सफाई करणारा प्रोग्राम 'पुढच्या वेळी सुरू होताना ही पूस' अशी नोंद करून ठेवतो. ते पुसण्याचं काम विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होतं तेव्हाच होतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तीत शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे सुरू होतो. म्हणजे महिनाभर रोज रात्री इमानाने लॅपटॉप बंद करणाऱ्या माणसाची सफाई अर्धवटच पडून असू शकते. बाईंच्या बाबतीत दोन फाइली नुसत्या रीस्टार्टनेच गेल्या.

त्यानंतर एक रीस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची आजची स्थिती परत आणता येते, आणि आपले फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा असं जे काही असेल ते बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि एकच नियम पाळा, आधी बंद करा, दोन दिवस बघा, मग पुसा.

आता पाटी. नव्या सेटिंग्जच्या यादीतून 'अनइन्स्टॉल' दाबलं तर पुष्कळदा 'फाइल सापडत नाही' एवढंच उत्तर येतं आणि गाडी तिथेच अडते. कारण अनइन्स्टॉल करणं हे बहुतेकदा विंडोजचं स्वतःचं काम नसतं. बहुतेक सॉफ्टवेअर आपल्याबरोबर स्वतःला काढून टाकणारी एक छोटी फाइल आणतात आणि विंडोज फक्त तिला हाक मारते. अँटिव्हायरसने इतर फाइलींबरोबर तीही उडवलेली असते. अशा वेळी जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'मध्ये जा. तिथे अनइन्स्टॉल दाबल्यावर विंडोज विचारते, हे आधीच काढलेलं दिसतं, यादीतून नाव काढू का? होय म्हणा, काम झालं. तिथेही अडलं तर मायक्रोसॉफ्टने खास याच कामासाठी एक ट्रबलशूटर दिला आहे. इन्स्टॉल आणि अनइन्स्टॉलच्या आड येणाऱ्या बिघडलेल्या नोंदी तो दुरुस्त करतो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच तो घ्या. रेव्हो अनइन्स्टॉलरसारखी साधनंही उरलेली फोल्डर आणि नोंदी शोधून दाखवतात. पण त्यांनी दाखवलेली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय 'सिलेक्ट ऑल' करू नका.

फोल्डर पुसायला गेलं आणि 'फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे' असं आलं, तर याचा अर्थ भाडेकरू अजून घरातच आहे. चालू असलेले प्रोग्राम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडा, संशयित नावावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. ती फाइल त्याच फोल्डरमधली निघाली तर आधी तो प्रोग्राम थांबवा. थांबवल्यावर लगेच परत उभा राहत असेल तर सेफ मोडमध्ये जा. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत पोचा आणि चार आकडा दाबा. तिथे विंडोज अगदी मोजक्या सामानानिशी उठते, त्यामुळे बहुतेक आगंतुक झोपलेलेच राहतात. पण पुसताना 'ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी लागेल' असं आलं तर हात तिथेच थांबवा. ही विंडोजची स्वतःची फाइल असल्याची ती खूण आहे. मालकी आपल्याकडे घेऊन तरीही पुसायची युक्ती बरेच जण सांगतात. त्या युक्तीने बसलेले लॅपटॉप मी पाहिले आहेत आणि त्यांतले काही पुन्हा विंडोज टाकल्याशिवाय उठले नाहीत.

दूधवाल्याचा शोध हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मी त्याला तारखेवरून पकडतो. ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा आणि तुमचा त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलं ते बघा. मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजची यादी, उघडा. त्यात प्रत्येक कामापुढे ते कधी तयार झालं याची तारीख असते. बाईंच्या लॅपटॉपवर टायपिंगचं सॉफ्टवेअर ११ तारखेला दुपारी आलं होतं. टास्क शेड्युलरमध्ये त्याच दुपारी, चार मिनिटांच्या अंतराने दोन कामं तयार झालेली होती. एकाचं नाव नुसतं अक्षरं-आकड्यांचं कडबोळं होतं, दुसऱ्याचं नाव एखाद्या अपडेटरसारखं सभ्य. पहिलं लॉगिन झाल्याबरोबर ती हरवलेली फाइल हाकारत होतं, रोजची चौकट त्याचीच. दुसरं दर चार तासांनी एका पत्त्यावरून काहीतरी उतरवायचा प्रयत्न करत होतं. चौकट त्रासाची होती, पण घातक होतं ते दुसरं, आणि त्याने एकदाही दार वाजवलं नव्हतं. दोन्हींवर उजवं क्लिक करून आधी 'डिसेबल' केलं. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी वहीत दोन्ही नावं आणि वेळ उतरवून घेतली, हे मला फार आवडलं. अशी नोंद असली की उद्या काही अडलं तर मागे फिरता येतं.

टास्क शेड्युलर हे एकच ठिकाण नाही. स्टार्टअपचं फोल्डर, रजिस्ट्रीतल्या 'रन' नावाच्या जागा, पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, यंत्राचे भाग चालवणारे ड्रायव्हर अशी सांगी देण्याच्या जागा कितीतरी आहेत. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मोठी नोंदवही. सेटिंग्ज एकेका फाइलमध्ये विखुरण्याऐवजी एका जागी ठेवायची ही पद्धत विंडोज ९५ पासून रुळली. या सगळ्या जागा एकत्र दाखवणारं ऑटोरन्स नावाचं साधन फुकट मिळतं. ते सिसइंटर्नल्स या संचातलं आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी उभा केलेला हा संच २००६ साली मायक्रोसॉफ्टने घेतला. ऑटोरन्स उघडल्यावर आधी 'हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज' करा म्हणजे गर्दी कमी होते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही, थोडक्यात आपला रिकाम्या घराची बेल वाजवणारा दूधवाला. समोरची टिचकी काढली की नोंद बंद पडते, पुसली जात नाही. सगळ्या पिवळ्या ओळी एका झटक्यात उडवू नका. ज्यांचं नाव, फोल्डर किंवा तारीख त्या सॉफ्टवेअरशी जुळते, तेवढ्याच घ्या.

फाइल आधी आणि नोंद नंतर, असा उलटा क्रम काय करू शकतो याचं नामांकित उदाहरण २००५ सालचं आहे. सोनी बीएमजीच्या काही संगीताच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की नक्कल रोखणारं एक सॉफ्टवेअर गुपचूप आत जायचं आणि स्वतःला विंडोजपासूनच लपवून ठेवायचं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला रुसिनोविच यांनीच ते उघडकीला आणलं. त्यांनी त्याच्या फाइली पुसल्या आणि सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. कारण त्या सॉफ्टवेअरने स्वतःला सीडी ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मधल्या साखळीत गुंफून घेतलं होतं. कडी गेली, पण 'या कडीतूनच जा' ही रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहिली, आणि साखळी तुटली. ती नोंद काढल्यावर ड्राइव्ह परत आला. एखादा ड्रायव्हर किंवा 'फिल्टर' काढायचा असेल तेव्हा हे लक्षात ठेवा. याच कारणामुळे जुना अँटिव्हायरस काढणंही चिवट काम होऊन बसतं. घातक प्रोग्रामने आपल्याला हटवू नये म्हणून तो मुद्दाम खोलवर रुजवलेला असतो. त्यासाठी त्या त्या कंपनीचं स्वतःचं काढून टाकायचं साधन असतं, तेच वापरा.

आता किल्ल्या. बाईंच्या क्रोममध्ये मेन्यूच्या तळाशी 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' अशी ओळ होती. निवृत्त बाईंची संस्था कुठली? कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर नियम लादता यावेत म्हणून पॉलिसीची सोय असते, ती या कुपनवाल्याने वापरली होती. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्राम. 'हे एक्स्टेन्शन सक्तीने बसव' असा नियम रजिस्ट्रीत लिहिलेला होता, म्हणून ते एक्स्टेन्शन काढायचं बटणच निष्प्रभ होतं. रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गुगल, त्यात क्रोम असं फोल्डर असतं. ते आधी एक्स्पोर्ट करून जपून ठेवलं, मग पुसलं आणि ब्राउझर पुन्हा उघडला. इथे क्रम चुकवू नका. आधी दूधवाला बंद, मग पॉलिसी, मग एक्स्टेन्शन. नाहीतर चार तासांनी सगळं परत जागच्या जागी दिसतं आणि माणूस हताश होतो. मात्र लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ती ओळ खरी असते, तिला हात लावू नका. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी टाकतात, म्हणून तीत काय लिहिलंय ते वाचूनच ठरवा.

ब्राउझरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'ची ओळही शेवटपर्यंत वाचा. क्रोमच्या फाइलच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर सर्च कितीही वेळा बदला, उघडताना तेच पान येणार. आणि कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले' अशा सूचना येत असतील तर त्या बहुधा सॉफ्टवेअरच्या नसतातच. कुठल्या तरी साइटवर आपण 'अलाउ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमधून ती परवानगी काढून घेतली की विषय संपतो. या एका गोष्टीसाठी घाबरून दुकानात पैसे मोजून येणारी वडीलधारी माणसं मला दर महिन्याला भेटतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सफाईनंतर इंटरनेटच बंद पडलं, असंही होतं. त्या सॉफ्टवेअरने सगळी ये-जा आपल्यामार्फत वळवलेली असते. ते गेलं, पण वळण तसंच राहिलं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे ये-जा वळवणारा मधला थांबा, बघा, तिथे १२७.०.०.१ असा खुद्द आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता उरलेला असेल आणि तुम्ही स्वतः तो घातलेला नसेल तर प्रॉक्सी बंद करा. डीएनएसचा पत्ताही तपासा, शक्यतो राउटरमधलासुद्धा. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी डिरेक्टरी. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने ही डिरेक्टरीच बदलली होती. शंभराहून जास्त देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर चोरांच्या डिरेक्टरीला विचारत होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात टोळी पकडली गेली. पण चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या सगळ्यांचं इंटरनेट थांबलं असतं. म्हणून अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशाने त्या पत्त्यांवर चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. त्या दिवशीही दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याच पत्त्यावर विचारणा करत होते. टोळी कोठडीत जाऊन आठ महिने झाले होते, तरी तिने फिरवलेलं सेटिंग घरोघर तसंच होतं.

सर्टिफिकेटची किल्ली सगळ्यांत वाईट. २०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आधीपासून घातलेलं येत होतं. सुरक्षित, कुलूप दिसणाऱ्या पानांतही जाहिरात घुसवता यावी म्हणून ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये बसवायचं. रूट सर्टिफिकेट म्हणजे 'हा ज्याला खरा म्हणेल त्याला खरं माना' असा विंडोजला दिलेला शब्द. त्यात सगळ्या लॅपटॉपवर त्या सर्टिफिकेटच्या नावाने सही करायची एकच गुप्त किल्ली होती, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या संशोधकाने तिचा पासवर्ड शोधून काढला. म्हणजे त्या लॅपटॉपला बँकेची खोटी साइट खरी म्हणून दाखवणं कुणालाही शक्य झालं. लोकांनी धावत जाऊन सुपरफिश अनइन्स्टॉल केलं, यादीतून नाव गेलं, आणि सर्टिफिकेट जागच्या जागी राहिलं. नंतर लेनोव्होने वेगळं साधन दिलं आणि विंडोजबरोबर येणारा अँटिव्हायरस मायक्रोसॉफ्ट डिफेंडरही ते काढू लागला. विंडोजच्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये 'ट्रस्टेड रूट'ची यादी असते. तुम्ही काढलेल्या सॉफ्टवेअरचं किंवा ते बनवणाऱ्याचं नाव तिथे आहे का, एवढंच शोधा. बाकीची नावं अनोळखी वाटली तरी ती असायलाच हवीत. फायरफॉक्स आपली यादी वेगळी ठेवतो, तिथेही बघा.

'रजिस्ट्री क्लीनर' मात्र चालवू नका. मेलेल्या नोंदी काही केबीच्या असतात, त्यांनी कॉम्प्युटर मंद होत नाही. उलट घाऊक सफाईत कामाच्या नोंदी जातात. मायक्रोसॉफ्टही असल्या साधनांचा पुरस्कार करत नाही. शेवटची तपासणी म्हणून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. विंडोज उठण्याआधीच तो चालतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही तपासणीची साधनं फुकट मिळतात.

हे सगळं नीट क्रमाने दोनदा करूनही तेच सॉफ्टवेअर परत आलं, किंवा पासवर्ड चोरणारा, बाहेरून ताबा घेणारा प्रोग्राम आत आला होता असं स्कॅनमध्ये दिसलं, तर उरलंसुरलं वेचत बसू नका. फाइली बाहेर घ्या आणि विंडोज नव्याने टाका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला आणि ईमेलमधून 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करा, कारण चोरीला गेलेलं चालू लॉगिन पासवर्डाशिवायही चालतं. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बाईंवर ती वेळ आली नाही. दोन दिवस चौकट दिसली नाही, मग वहीतली दोन्ही कामं पुसली आणि प्रोग्राम डेटामधलं ११ तारखेचं फोल्डरही. ज्या सॉफ्टवेअरपायी हे सारं घडलं त्याची गरजच नव्हती. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडला की झालं. आठवड्याने मी टास्क शेड्युलर पुन्हा उघडून पाहिला. नव्या तारखेचं एकही काम नव्हतं. बाई तोवर आठवणींमध्ये १९७८ च्या सहामाही परीक्षेपर्यंत पोचल्या होत्या.